हात धुतेस, पण झोपतेस का?

अगं बयो, परवा फोनवर तू एका दमात दोन तक्रारी केल्यास. एक, धुऊन धुऊन हातांना चिरा पडल्यात, भाकरी थापताना आग होते. दुसरी, भावजी बाहेरून येतात ते सरळ ताटावर बसतात, सांगून सांगून तू थकलीस. तू फार काळजी घेतेस आणि ते मुळीच घेत नाहीत, म्हणून तुमचं वाजतं, असं तुझं म्हणणं. मला तसं वाटत नाही. तुमच्या दोघांच्याही मनात २०२० पासून एकच भीती अडकून बसलीय. तुझ्याकडून ती नळाखाली बाहेर पडते, त्यांच्याकडून ‘काही होत नाही गं’ असं म्हणत. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. दुपारी पडल्या पडल्या वाच.

हे पुन्हा केव्हा सुरू झालं तेही मला ठाऊक आहे. २०२५ च्या जानेवारीत तुमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले. पाण्यावर संशय होता. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, एवढ्याच साध्या सूचना होत्या. त्या तू पाळल्यास, उत्तम केलंस. पण ती साथ ओसरली तरी तुझा हात नळावरून निघेना. कोविडमध्ये लागलेलं सगळं परत आलं: दाराची कडी पुसणं, पिशव्या वेगळ्या ठेवणं, रात्री दोनला उठून मुलाच्या कपाळाला हात लावून बघणं. साथ गेली की सवय आपोआप जाते, असं आपण धरून चालतो. ती जात नाही, कारण तिचं मूळ साबणात नसतं, मनात असतं.

आधी मी भीतीची बाजू घेते, कारण तिला सगळेच नावं ठेवतात. ९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, २२ ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देश बंद. आठवतं ना? दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायचो, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवायचो, पेपर बंद केला होता, कुरिअरचं खोकं दिवसभर गॅलरीत उन्हाला. कुणालाच काही नीट माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही. त्या वेळी माणसांना घरात बसवलं, तोंडाला रुमाल बांधायला लावला, ते भीतीनेच. २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली, तेव्हा तिथल्या संशोधकांनी फोन करून लोकांची विचारपूस केली होती. मध्यम घाबरलेली माणसं खबरदारी जास्त नेटाने घेत होती, असं त्यातून दिसलं. मानसशास्त्राला हे जुनंच आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की थोड्या ताणाने शिकणं सुधारतं आणि काम अवघड असेल तर फार ताणाने बिघडतं. तुझ्या स्वयंपाकघरातलंच उदाहरण घे. तेल तापलंच नाही तर मोहरी तडतडत नाही, आणि फार तापलं तर ती करपून जाते. २०२० च्या मार्चमध्ये आपलं तेल तापलं, ते बरंच झालं. प्रश्न एवढाच की त्यानंतर गॅस कुणी कमी केला?

भीती वाढत गेली की माणूस दोन वाटांनी जातो. किम विट नावाच्या संशोधिकेने १९९२ मध्ये याची फार उपयोगी मांडणी केली. साध्या भाषेत सांगते. घाबरलेलं माणूस मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतं. हे माझ्यापर्यंत येईल का? आणि आलं तर माझ्या हातात काही आहे का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, आहे’ असं उत्तर मिळालं तर ते मास्क उचलतं, लस घेतं, खिडकी उघडतं. उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर ते आजाराशी झुंजणं सोडून देतं आणि नुसत्या भीतीशी झुंजत बसतं. विषय टाळतं, थट्टेवारी नेतं, ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणतं. बाहेरून ते बेफिकीर दिसतं. आत मात्र ते तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं असू शकतं.

आता भावजींकडे या नजरेने बघ. पहिल्या लाटेत तेच घरात सगळ्यांना सॅनिटायझर वाटत फिरायचे. मग २०२१ चा एप्रिल आला. मित्रासाठी बेड शोधत ते दिवसरात्र फोन करत होते, ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगेत उभे होते. सगळं करूनही मित्र गेला. आणि तो मित्र मास्क लावणारा होता, गर्दीत न जाणारा होता. त्या दिवशी त्यांच्या मनाने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं असावं: आपल्या हातात काही नाही. ‘जे व्हायचं ते होतं’ हे वाक्य त्यांच्या तोंडी त्यानंतरच आलं, हे तूच मला सांगितलंस. मग हात धुण्याबद्दल कितीही बोललीस तरी त्यांना ते लागणार कसं? तू बोलतेस साबणाबद्दल आणि त्यांना ऐकू येतो तो एप्रिल.

आपल्या महाराष्ट्राने हे फार मोठ्या प्रमाणावर आधीही पाहिलंय, आणि ते मला राहून राहून आठवतं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. तोच १८९७ चा कायदा आपल्याकडे २०२० मध्येही लावला गेला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांच्या अब्रूचा विचार केला नाही, माणसांना छावण्यांत नेलं, सामान जाळलं. मग लोकांनी काय केलं? रोगी लपवले. माळ्यावर, कोठीत, शेजारच्या वाड्यात. ताप आला तरी सांगायचं नाही. मुंबईत तर त्याआधीच, १८९६ च्या ऑक्टोबरात, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. ही माणसं अडाणी म्हणून असं वागली, असं मला कधीच वाटलं नाही. त्यांना रोगाची भीती होतीच. त्याहून मोठी भीती इस्पितळाची होती, घरातल्या माणसाला परत न बघण्याची होती. ज्या उपायाचीच दहशत वाटते तो कुणी आपणहून करत नाही.

आणि त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढायला लावला. मुंढव्याच्या एका महार कुटुंबातल्या प्लेग झालेल्या मुलाला त्या स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांचा त्याग आठवतो आणि थांबतो. मला त्यातलं आणखी एक दिसतं. ज्या दवाखान्यात आपलं माणूस आपल्याला हात लावतं, तिथे लोक रोगी घेऊन येतात.

म्हणूनच २०२० च्या धारावीचं मला इतकं कौतुक वाटतं. १ एप्रिलला तिथला पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी धारावीवर फुली मारली होती. दोन-अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाखांची वस्ती, एका खोलीत आठ माणसं, संडास सार्वजनिक. तिथे अंतर कसलं ठेवणार? पण पालिकेने वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतलं. ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं मुलांचा खोकला दाखवायला जात होते, तेच डॉक्टर पीपीई घालून दारात आले. तापाची शिबिरं भरवली, शाळांमध्ये आणि क्रीडा संकुलात राहायची सोय केली, जेवणखाण दिलं, संडास दिवसातून अनेकदा धुतले. दारात ओळखीचा चेहरा आला आणि पुढे काय होणार ते कळलं, की माणूस खोकला लपवत नाही. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं तेव्हा मी टीव्हीसमोर रडले होते.

हे एवढं का सांगतेय? भावजींना धाक घालून काही होणार नाही, म्हणून. साबणाचा विषय महिनाभर बंद ठेव. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी चहा देताना त्या मित्राचं नाव काढ. त्याच्याबद्दल बोलू दे त्यांना. पुरुषांना रडायला आपल्याकडे जागाच नाही. त्या साथीत तर शेवटचं तोंडही बघता आलं नाही, अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा, तेराव्याला कुणी नाही. दुःखाला जे चार दिवस लागतात, जी चार माणसं लागतात, ती मिळालीच नाहीत. ते दुःख अजून तसंच आहे. ते थोडं बाहेर आलं की, ‘त्याच्यासाठी तुम्ही जे केलंत ते वाया गेलं नाही’ एवढं म्हण. पुढचं आपोआप होतं.

आता तुझ्याकडे वळते. रागावू नकोस.

तू दिवसभर जे जे करतेस त्यात दोन जातीच्या गोष्टी मिसळल्या आहेत. काही कृती जंतूंपासून वाचवतात. काही नुसत्या छातीतली धडधड कमी करतात. दोन्ही करताना सारखंच बरं वाटतं, म्हणून फरक कळत नाही. कोविड मुख्यतः हवेतून पसरत होता. बंद खोली, गर्दी, बराच वेळ जवळ बसून बोलणं, धोका तिथे होता. वस्तूंना हात लावून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं. म्हणजे आपण पिशव्या धूत होतो आणि खिडक्या लावून बसत होतो! तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे. तरी पिशवी धुतल्यावर तुला हायसं वाटतं आणि खिडकी उघडल्यावर काहीच वाटत नाही. यात तुझा दोष नाही. हातांनी केलेलं काम डोळ्यांना दिसतं, हवा दिसत नाही.

धडधड कमी करायला काही केलं तर बिघडलं कुठे, असं तू म्हणशील. बिघडतं ते असं. हात धुतले की शंका जाते, पण थोड्याच वेळासाठी. मन शिकतं की शंका घालवायची तर धुवायलाच हवं. पुढची शंका लवकर येते, आणि ती घालवायला जास्त वेळ धुवावं लागतं. डॉक्टर याला ओसीडी म्हणतात, आपली जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची. प्रत्येक जास्त हात धुणाऱ्या बाईला हा आजार नसतो, घाबरू नकोस. मी ओळखते ते असं: बाहेरून आलीस, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी, संडासहून आल्यावर, कुणा आजाऱ्याची सेवा केल्यावर धुतलेस तर ती सवय. धुऊन झाल्यावरही ‘नीट धुतले का’ म्हणून परत गेलीस, कुणी मध्ये बोललं म्हणून पहिल्यापासून सुरू केलंस, त्यापायी भाजी करपली, मुलाची बस चुकली, तर ती सवय राहिली नाही. वीस सेकंद साबण पुरतो. त्याच्या पुढचं पाणी जंतूंसाठी नाही, भीतीसाठी आहे. आणि चिरा पडलेली कातडी जंतूंना जास्त वाट देते, तेव्हा रात्री हातांना खोबरेल किंवा व्हॅसलीन लावणं ही सुद्धा खबरदारीच समज.

तुला जमेल तेव्हा एक करून बघ. दुसऱ्यांदा धुवायला जावंसं वाटलं की लगेच जाऊ नकोस. ओट्याला टेकून उभी राहा. छाती धडधडेल, वाईट वाईट विचार येतील. येऊ देत. ती लाट चढते आणि काहीही न करता उतरते सुद्धा, हे एकदा अंगाने अनुभवायला हवं. सांगून पटत नाही. मोठ्या आजारात तज्ज्ञ याच पद्धतीने, पायरीपायरीने उपचार करतात आणि लागल्या तर गोळ्याही देतात. ते एकटीने अंगावर घेऊ नकोस, तू फक्त सुरुवात करून बघ.

आणखी एका जातीचं माणूस असतं आणि त्याच्यावर आपण सगळ्यात जास्त अन्याय करतो. आमच्या इमारतीत दुसऱ्या लाटेनंतर एक काकू मास्कशिवाय खाली यायला लागल्या. बीपीच्या गोळ्या बंद, लसीची तारीख चुकवलेली. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांच्यावर काय काय लिहिलं गेलं! त्यांचे यजमान मार्चमध्ये गेले होते. मी वर गेले तर ओट्यावर भांडी तशीच, केस विंचरलेले नाहीत, दुपारी दोनला पडदे ओढलेले. त्या बाईला मास्कचा कंटाळा नव्हता गं. तिला जगायचाच कंटाळा आला होता. नैराश्यात माणसाला अंघोळ जड होते, जेवण जड होतं, मग मास्क कोण आठवणार? स्वतःला वाचवायच्या सगळ्या सवयींच्या मुळाशी ‘मी वाचायला हवी’ एवढी एक इच्छा असते. तीच विझली तर दंड लावून, ग्रुपवर फोटो टाकून काहीही उपयोग नाही. काकूंकडे आम्ही दोघी-तिघी आळीपाळीने बसायला लागलो, त्यांची बहीण नाशिकहून येऊन राहिली, डॉक्टरांकडे नेलं. लसीला त्या पुढे आपणहून आल्या, मला हाक मारून.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, आणि तरुणांना आणि बायकांना त्याचा जास्त फटका बसला. बायकांना का, ते तुला मला कुणी सांगायला नको. घरातली सगळी खबरदारी कुणाच्या अंगावर पडली? मास्क धुऊन वाळत घालणं, किराणा पुसणं, काढा उकळणं, वाफेचं पाणी तापवणं, सासऱ्यांचा ऑक्सिजन ऑक्सिमीटरवर बघून वहीत लिहिणं, मुलांना मोबाइलवरच्या वर्गाला बसवणं, आणि धुणीभांड्याच्या मावशी बंद म्हणून तेही. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सप्टेंबर २०२० मध्ये निघाली, आशाताई दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. त्यांचं काम फार मोलाचं होतं, त्यांना त्याचा मोबदला किती तुटपुंजा मिळाला हे लाजिरवाणं आहे. पण घराघरात त्या घोषणेतली जबाबदारी बहुतेक एकाच माणसाने उचलली. दमलेलं माणूस भित्रं होतं. तुझं हात धुणं त्या दमण्यातूनही आलंय, असं माझं ठाम मत आहे. म्हणून खबरदारी वाटून घे. पाणी उकळणं भावजींचं, आजपासून. स्वतःच्या बाटल्या भरणं मुलाचं. जो काम करतो त्याला त्याची किंमत कळते, आणि ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हेही कळतं. भावजींना नेमकं तेच हवंय.

आणि झोप. तू रात्री दोनला उठतेस हे मला सगळ्यात जास्त खटकतं. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडून पाहिलं होतं. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली. २००९ सालचं ते संशोधन. जंतूंच्या भीतीने तू जी झोप मोडतेस ती तुला जंतूंपासून वाचवणारी आहे. मुलाच्या कपाळाला झोपण्याआधी एकदा हात लाव आणि मग सकाळीच. ताप असेल तर तो स्वतः उठून तुला हाक मारेल, एवढा मोठा झालाय तो.

सवयी गळून पडतात त्याचं आणखी एक कारण साधा थकवा असतं. २०२० च्या शरदात जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने त्यावर अख्खी पुस्तिका काढली होती: लोक महिनोन् महिने नियम पाळून थकतात, ते स्वाभाविक आहे, त्यांना दोष देऊ नका, त्यांना निर्णयात सामील करा. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडे आकडे चढू लागले तेव्हा लग्नसराई जोरात होती. आपण तेव्हा ‘लोकांना अक्कल नाही’ म्हणालो. वर्षभर घरात कोंडलेल्या माणसांना माणसं हवी होती, त्यात अक्कल कुठे आली? नुसतं ‘नको’ म्हटलं की मन बंड करतं. ‘नको’च्या जागी दुसरं काही द्यावं लागतं. २०२० ची वारी आठव. पायी वारी नाही म्हटल्यावर वारकऱ्यांच्या काळजाचं काय झालं असेल! पण माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका ३० जूनला एसटीने पंढरपूरला गेल्या, दुसऱ्या दिवशीची आषाढी चुकली नाही. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी गणपतीची मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. लोकांनी ते मान्य केलं, कारण त्यांचं जे होतं ते काढून घेतलं नव्हतं, त्याचं रूप बदललं होतं. घरातही तसंच कर. मुलाला बाहेरची पाणीपुरी नको म्हणालीस तर रविवारी घरी कर, आणि मित्रांनाही बोलाव.

सवयी थोड्या ठेव. ज्या ठेवशील त्यांना विचार करायला लागू नये अशा ठिकाणी ठेव: दाराजवळच्या खुंटीला मास्क, बेसिनला साबण, स्वयंपाकघराची खिडकी सकाळी उघडलेली. रोज रोज ‘करू का नको’ असं ठरवायला लागलं की मन दमतं आणि एक दिवस सगळंच सोडून देतं. प्रत्येक खबरदारीला शेवटही असू दे. साथीच्या बातम्या आल्या तर घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं, काय काय पाळायचं आणि काय झालं की ते थांबवायचं. शेवट ठरलेला असला की पाळणं सोपं जातं. बातम्या दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, आणि त्याही महापालिकेच्या किंवा आरोग्य खात्याच्या. व्हॉट्सअॅपवर कुणी ‘शेवटपर्यंत ऐका’ असं लिहून आवाज पाठवला की तो ऐकूच नकोस. नीट सल्ला द्यायला कुणी अंगावर काटा आणत नाही.

हे सगळं तुला मला जमतं, कारण आपल्याला दार लावून बसायची सोय आहे, हेही विसरायचं नाही. आमच्या धुणीभांड्याच्या मावशींची रोजी २०२० मध्ये बुडाली. त्यांना विषाणूची भीती होती, पण महिनाअखेरीची त्याहून मोठी होती. फाटका मास्क लावून त्या गेटवर आल्या तेव्हा वॉचमनने परत पाठवलं. त्यांच्या खबरदारीचं पहिलं औषध घरबसल्या पगार हे होतं, आणि ज्यांनी तो दिला त्यांच्याकडच्या बायकांनी खोकला आला तर खरं सांगितलं. पुन्हा कधी वेळ आली तर तुझ्याकडच्या ताईंचा पगार कापू नकोस. त्यांच्या मनाला स्वस्थता मिळाली तर तुझं घरही सुरक्षित राहील.

आता शेवटचं, आणि हे मी ताई म्हणून जरा जोरात सांगते. दोन आठवडे होऊन गेले तरी झोप लागत नसेल, धुण्यात तासाच्या वर वेळ जात असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा ‘नकोच हे सगळं’ असा विचार एकदा जरी आला, तर थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेव, तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. त्यांच्याशी बोलायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. ‘माझे हात थांबत नाहीत’ एवढं सांगितलंस तरी पुरे. सरकारी जिल्हा रुग्णालयातही मनोविकार विभाग असतो, तिथे फारसा खर्च येत नाही. भावजींनाही न्यायचं असेल तर ‘तुम्हाला दाखवायचंय’ म्हणू नकोस, ‘माझ्याबरोबर चला’ म्हण, ते येतील. मी पुढच्या आठवड्यात येतेच आहे पुण्याला. डॉक्टरांची वेळ कुठल्या दिवशी मिळते ते बघून मला कळव, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी काढून ठेव. मी बाहेर बाकावर बसेन, तू आत जा.